विहिणीचा पक्षी

मुलीचं लग्न ठरल्याचं कळलं तेव्हा माझ्या नागपूरच्या मैत्रिणींनी जावयाबद्दल काही विचारलं नाही. विहीण कशी आहे, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. मी जे होतं ते सांगितलं. उंच आहे, कमी बोलते, पेनसिल्व्हेनियात डोंगराच्या पायथ्याशी राहते आणि दर हिवाळ्यात फेझंट मारते. फेझंट म्हणजे लांब शेपटीचा, कोंबडीच्या जातीचा रानपक्षी, हेही सांगितलं. फोनवर सगळ्या एकदम 'अगं बाई!' म्हणाल्या. मग एकीने विचारलं, बंदुकीने? म्हटलं, नाही, लाटण्याने.

खरं तर त्यांनी एवढं दचकायचं कारण नव्हतं, कारण बंदूक माझ्याकडेही आहे. न्यू जर्सीतल्या ज्या औषध कंपनीत मी नोकरी करते, तिथल्या लोकांनी बऱ्याच वर्षांपूर्वी टीम-बिल्डिंगच्या नावाखाली आम्हाला क्ले शूटिंगला नेलं होतं. क्ले म्हणजे मातीची, नारिंगी रंगाची, बशीएवढी चकती. यंत्र ती हवेत भिरकावतं आणि आपण ती छर्ऱ्याच्या बंदुकीने फोडायची. बाकीचे खांदे चोळत घरी परतले, मी पुढच्या शनिवारचं बुकिंग करून परतले. मनातला राग असा बाहेर पडतो आणि घरातली काचेची भांडी शाबूत राहतात, ही सोय मला फार आवडली. नवऱ्यानेही विरोध केला नाही. 'तेव्हापासून मी वाद घालताना जरा लांब उभा राहतो,' एवढंच तो लोकांना सांगतो.

क्लेमध्ये हुकूम आपला चालतो. आपण तयार झालो की ओरडायचं, मगच चकती सुटते. सगळे 'पुल' म्हणून ओरडतात. पण शिकवणारा म्हणाला होता की आवाज कुठलाही चालेल, आणि माझ्या तोंडून आलं, 'सोड!' मुलगी लहानपणी माझी वेणी धरून लोंबकळायची तेव्हा म्हणायचे तसंच, त्याच सुरात. क्लबातल्या एका आजोबांना ते 'सोडा' ऐकू आलं आणि त्यांनी बिचाऱ्यांनी थंडगार डबा आणून माझ्या हातात ठेवला. तेव्हापासून माझी पाळी आली की कोणीतरी सोडा हवा का विचारतंच.

तर लग्न ठरल्यानंतरच्या हिवाळ्यात, ती राहते त्या अ‍ॅशबर्नहून मुलीचा फोन आला. तिचे होणारे सासरे आदल्या वर्षी अचानक गेले होते. ते आणि विहीणबाई एका शूटिंगच्या ग्रुपमध्ये होते आणि रांगेत शेजारीशेजारी अशा दोन जागा दर सीझनला त्यांच्या ठरलेल्या असत. ते गेल्यावरही विहीणबाईंनी दोन्ही जागा ठेवल्या. त्या स्वतःच्या जागेवर उभ्या राहिल्या आणि शेजारची रिकामी. त्या रिकाम्या जागेवरून पक्षी जात राहिले आणि कोणी बार काढला नाही. जेवणाच्या आधीच त्या गाडी काढून घरी आल्या. या वर्षीही दोन्ही जागा ठेवल्यात, पण पुन्हा तसंच झालं तर दोन्ही सोडून देईन आणि बंदुका विकून टाकीन, असं त्यांनी मुलाला सांगितलं होतं.

"नुसतं शूटिंग नाही ना सुटणार, आई," मुलगी म्हणाली. "त्या दुसऱ्या कशासाठी घराबाहेरच पडत नाहीत. शी विल जस्ट सिट इन दॅट हाऊस. त्या जागेवर अनोळखी माणूस नको म्हणतात. आपलं माणूस हवं. आम्हा दोघांना तर बंदूक धरता पण येत नाही. तू जाशील?"

मी म्हटलं, अगं, चकत्या फोडणं वेगळं आणि उडता पक्षी वेगळा. तिने विचारलं, असा कितीसा वेगळा असणार? दोन्हीतलं काहीच न केलेल्या माणसाला असे प्रश्न सुचतात. पण ती 'आपलं माणूस' म्हणाली होती, आणि इथे जन्मलेल्या, एरवी मराठीला इंग्रजीत उत्तर देणाऱ्या माझ्या मुलीच्या तोंडून ते शब्द आल्यावर नाही म्हणायची माझी काय बिशाद.

मारण्याचं मला काही वाटलं का, असं पुष्कळ जण विचारतात. फारसं नाही. लहानपणी नागपूरला आमच्याकडे दर रविवारी कोंबडी व्हायची आणि ती डोळ्यांसमोर कापून घेऊन यायचं काम माझं होतं. मला धास्ती होती ती विहिणीची. तोवर आम्ही एकदाच जेवायला भेटलो होतो आणि सूप येईपर्यंत आमचं हवामान बोलून संपलं होतं.

मी स्वतःला फार पुढारलेली समजते. लग्नाच्या बोलण्यात कोणी 'आम्ही मुलीकडचे' असं मान खाली घालून म्हणालं की माझं डोकं फिरतं. माझ्या लग्नात माझ्या आईने विहिणीच्या पंगतीसाठी जी धावपळ केली, ती बघून मी तेव्हाच ठरवलं होतं की आपण कोणाच्या पुढेपुढे करायचं नाही. आणि तरी त्या दिवशी घरून, पार्सिपनीहून पश्चिमेला निघताना माझ्या मागच्या सीटवर बंदुकीच्या पेटीशेजारी बेसनाच्या लाडवांचा डबा होता आणि चिवड्याची मोठी पिशवी होती. विहिणीकडे रिकाम्या हाताने कसं जायचं?

पोचले तेव्हा गवतावर दहिवर गोठलेलं होतं. माळाच्या एका बाजूला झाडीची टेकडी आणि तिच्यासमोर, खालच्या अंगाला, ओळीने रोवलेल्या नंबरांच्या काठ्या. एका काठीपाशी एक माणूस. हाका हा शब्द आपण शिकारीच्या गोष्टींतून ऐकलेला असतो, इथे तो मी प्रत्यक्ष बघितला. हाकारे टेकडीच्या मागून झाडीत शिरतात, काठ्या आपटत हळूहळू आपल्या दिशेला येतात आणि पुढे पळणारे पक्षी झाडी संपली की उठतात आणि आपल्या डोक्यांवरून उंच निघून जातात. असे दिवसभरात चार-पाच हाके, प्रत्येक नव्या जागी.

ग्रुपचा प्रमुख गळ्यात शिंग अडकवलेला एक गोल चेहऱ्याचा माणूस होता. त्याने नियम सांगितले. पक्ष्यामागे स्वच्छ आकाश दिसल्याशिवाय बार काढायचा नाही. शेवटचं शिंग वाजलं की बंदूक रिकामी करायची. आणि आपल्याकडे येणारा पक्षी आपला, शेजाऱ्याकडे चाललेला शेजाऱ्याचा. शंका आली तर शेजाऱ्यासाठी सोडायचा. हा शेवटचा नियम ऐकला आणि माझ्या अंगातलं सगळं नागपूर जागं झालं.

विहीणबाई माझ्या डावीकडच्या काठीपाशी होत्या. हिरवी टोपी, हिरवा कोट, पायाशी काळी कुत्री. लाडवाचा डबा त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, थँक यू म्हणाल्या आणि गाडीत नेऊन ठेवला. मग माझ्या काठीकडे एकदा बघून समोर झाडीकडे तोंड केलं. तिथे कोण उभं राहायचं हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं, म्हणून ते कोणी बोललं नाही.

पहिला हाका माझ्या फजितीचा. शिंग वाजलं, झाडीत ठकठक सुरू झाली आणि मी पाय रोवून, गाल दस्त्याला टेकवून उभी राहिले. एक पक्षी उठला. मी बघत राहिले. तो मोठा होत होत डोक्यावर आला, त्याचं तांबूस पोट दिसलं, आणि तो गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला माझ्या लक्षात आलं की मी 'सोड' म्हटल्याशिवाय माझं बोट चाप ओढायला तयारच नाही. मी न सांगता समोरून काही येतं, ही गोष्टच त्या बोटाला मंजूर नव्हती. चौथ्याला मी घाईघाईने सोड म्हणून घेतलं आणि बार काढला, तोवर तो मागच्या शेतात पोचला होता. चकती सुटताना वेगात असते आणि पुढे मंदावते. पक्ष्याचं नेमकं उलटं, तो येता येता वेग धरतो. मी आपली सगळ्यांच्या मागे छर्रे पेरत होते.

डावीकडे मात्र विहीणबाई एकेक पक्षी शांतपणे पाडत होत्या. त्यांची बंदूक वर जायची, बार व्हायचा आणि पक्षी त्यांच्या मागे गवतात धप्पकन पडायचा.

दुसऱ्या हाक्यापर्यंत माझं बोट ताळ्यावर आलं होतं. अगदी समोरून आलेला एक पक्षी मी पाडला. कुत्रीने तो आणून दिला आणि मी हातात घेतला तेव्हा तो अजून गरम होता. मी मनात त्याला नमस्कार केला आणि बाजूला ठेवला.

मग पुढचा आला तो माझ्या आणि विहीणबाईंच्या मधून. मी बंदूक अर्धी वर नेली आणि थांबले. म्हटलं, हा त्यांचा. त्यांनी तो पाडला. पुढचा जरा माझ्याच बाजूने होता, पण म्हटलं, असू दे, होऊन जाऊ दे त्यांचा. त्यापुढचा चक्क माझ्या काठीवरून आला आणि वाऱ्याने किंचित डावीकडे कलला, तर मी बंदूक खाली घेऊन हाताने त्यांच्याकडे खूण केली, घ्या, घ्या. जिलबी वाढताना करतात तशी. ज्या आग्रहाच्या नावाने मी जन्मभर बोटं मोडली, तोच मी बंदूक हातात धरून पक्ष्यांचा करत होते, आणि त्यात मला आपण फार रीतीने वागतोय असं वाटत होतं.

रीतीने सगळेच वागत होते. विहीणबाईंच्या पलीकडचे म्हातारे गृहस्थही त्यांच्या बाजूचे पक्षी सोडून देत होते. एका जागेहून दुसरीकडे जाताना गाडीचं दार कोणीतरी आधीच उघडून धरायचं. कॉफीचा पहिला पेला त्यांना. त्या जवळ आल्या की बोलणाऱ्यांचे आवाज खाली यायचे. मला तर भरून आलं. म्हटलं, किती चांगली माणसं मिळाली आहेत हिला. फक्त विहीणबाईंचा चेहरा प्रत्येक हाक्यानंतर आणखी आणखी उतरत होता, आणि त्याचं कारण मीच, याबद्दल माझी खात्री पटत चालली. त्यांच्या नवऱ्याच्या जागेवर उभी राहून मी दिवसभरात एक पक्षी मारला होता.

जेवण एका कोठारात होतं. गरम सूप, पाव, आणि माझा चिवडा, जो त्या मंडळींनी हातमोजे काढून मुठी भरभरून खाल्ला. शिंगवाला प्रमुख विहीणबाईंपाशी वाकून अगदी हळू आवाजात म्हणाला की पुढच्या सीझनच्या जागांचं आज कळलं तर बरं पडेल, पण घाई नाही. त्या म्हणाल्या, संध्याकाळी सांगते. त्या कुठल्या बाजूने सांगणार हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी हातातला चमचा खाली ठेवला. मुलीला आता काय सांगायचं, या एका विचाराने माझी भूक गेली.

शेवटच्या हाक्याच्या जागेकडे आम्ही दोघी चालत निघालो. मी माफी मागायची ठरवलं. माझा सराव चकत्यांचा आहे, मला जमत नाहीये, तुमचा दिवस वाया घालवला, असं काहीतरी मी इंग्रजीत जुळवून बोलायला लागले. त्या मध्येच थांबल्या.

इंग्रजीतल्या 'यू'चं मराठी सकाळपासून मी मनात 'तुम्ही' असंच करत होते. त्या पुढे जे बोलल्या, त्याचं 'तुम्ही' मला करता येत नाही.

"तुला जमतंय," ती म्हणाली. "तू मुद्दाम सोडतेस."

मी म्हटलं, ते तुझेच होते.

"मी मागितले होते?" तिचा आवाज चढला नव्हता. "तो माझे सगळे चोरायचा. लग्न झालं तेव्हापासून. माझ्या टोपीवर आलेला पक्षी मी बंदूक उचलायच्या आत हा मारायचा, आणि मग दुसरीकडे बघत उभा राहायचा, जसं काही झालंच नाही. घरी जाईपर्यंत आम्ही गाडीत भांडायचो. आता बघ. डावीकडचा सोडतो, उजवीकडची सोडते. आकाशातला प्रत्येक पक्षी माझा. मला नको आहेत इतके पक्षी. वर्षभरात कोणी माझं काही चोरलं नाही."

एवढं बोलून ती भराभरा पुढे चालायला लागली. मी तिच्या मागे. मला स्वतःचा इतका राग आला होता की यंत्राने त्या वेळी शंभर चकत्या सोडल्या असत्या तरी पुरल्या नसत्या. दिवसभर मी तिच्या पानात वाढत होते आणि ती उपाशी होती. माझा नवरा माझ्या ताटातला पापड मला न विचारता उचलतो, त्यावरून मी त्याला आजवर काय काय बोलले आहे ते आठवलं, आणि तो उचलायला नसेल तर पापडाचं मी काय करीन हेही मनात आलं. त्या बाईच्या पाठीकडे बघत चालताना माझे डोळे भरून आले.

शेवटचं रान दाट होतं. शिंग वाजलं आणि बराच वेळ काहीच आलं नाही. मग झाडांच्या टोकावरून एक नर उठला. लांबलचक शेपटी, उन्हात तांब्यासारखा. तो वर चढला, आणखी वर चढला आणि सरळ तिच्या टोपीच्या दिशेने निघाला. त्यात शंकेला जागाच नव्हती. शाळेतल्या मुलालाही कळलं असतं की हा तिचा. तिची बंदूक खांद्याकडे जायला लागली होती. पक्षी अजून आमच्या पुष्कळ पुढे होता आणि त्याच्यामागे नुसतं निळं आकाश. मी त्याच्या चोचीच्या पुढे बंदूक नेली आणि चाप ओढला. तोंडाने काही म्हणायचं मला आठवलंही नाही.

पक्षी हवेतच मिटला आणि तिच्या पायांपासून थोड्या अंतरावर येऊन आदळला.

तिने बंदूक खाली केली आणि माझ्याकडे वळली.

"तो माझा होता."

मी दुसरीकडे बघत म्हटलं, मला वाटलं माझ्याकडे येतोय.

"तुला वाटलं? माझ्या डोक्यावर होता तो!"

मी म्हटलं, डोक्यावर कुठला, चांगला उजवीकडे होता, टोपी डोळ्यांवर घेतल्यावर कसं दिसणार. हे मी विहिणीला म्हटलं. मुलीच्या लग्नाआधी. तिने मला जे ऐकवलं ते सगळंच इथे लिहिण्यासारखं नाही. रीत शिकवली नाही का कोणी, न्यू जर्सीत सगळे असेच गाडी चालवतात आणि असेच बंदूक चालवतात, वगैरे. आवाज रांगेच्या टोकापर्यंत जात होता. पलीकडचे म्हातारे गृहस्थ बंदूक काखेत घेऊन तोंडाचा आ करून बघत होते. गेल्या वर्षभरात तिला असं मोठ्याने बोलताना त्यांनी ऐकलं नसावं.

तेवढ्यात माझ्या बरोब्बर समोरून एक पक्षी आला. मी वळेपर्यंत डावीकडून बार झाला आणि तो खाली आला. मी बघितलं तर ती झाडीकडे तोंड करून उभी. जसं काही झालंच नाही.

त्या हाक्यात आम्ही एकमेकींचं काय काय लुटलं, ते विचारू नका. अर्ध्याहून जास्त पक्षी तर आमच्या भांडणात सुखरूप निघून गेले. शेवटचं शिंग वाजलं तेव्हा तिची पाठ माझ्याकडे होती आणि खांदे हलत होते. मी घाबरून जवळ गेले. ती रडत होती, आणि हसतही होती, आणि तिला दोन्ही थांबवता येत नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती बाई त्या क्षणी मला इतकी आवडली की मुलीने दुसऱ्या कुठल्या घरी लग्न ठरवलं असतं तर मी मोडायला लावलं असतं.

मारलेले पक्षी शेवटी एकत्र करून सगळ्यांना वाटतात, पण तो लांब शेपटीचा नर मी गोळा करणाऱ्यांच्या हातात दिला नव्हता. गाड्यांपाशी आलो तेव्हा तो पायांना धरून माझ्याच हातात होता. शिंगवाला प्रमुख आला, घुटमळला आणि त्याने हळूच जागांचं विचारलं.

"दोन्ही राहू देत," ती म्हणाली. "या बाईला दुसऱ्या कोणाच्या शेजारी उभं करता येणार नाही."

मग तिने हातमोजा काढला आणि सगळ्यांदेखत माझ्यापुढे हात पसरला. म्हणाली, आता माझा पक्षी दे.

मी दिला नाही.